निकोडेमसचा हिशेब माणशी लावू नका

प्रति,
माननीय अंतर्गत व्यवहार मंत्री,
अमेरिकेची संयुक्त संस्थाने, वॉशिंग्टन

स. न. वि. वि.

आपली इंग्रजी प्रत टपालात टाकली आहे. ही मराठी प्रत आमच्या इथल्या मंडळींसाठी. कॅन्सस सिटीहून डेन्व्हरला गाडी हाणताना कॅन्ससमधल्या निकोडेमस या गावासाठी वाट वाकडी करायला ती तयार नसतात.

२०२०च्या जनगणनेत या गावात १४ माणसं होती. खर्चाला पर्यटकांच्या संख्येने भागायचं ठरलं, तर हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ पहिल्याच फटक्यात गळेल. माझी धास्ती ती आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्यानंतर चारच वर्षांनी केंटकीतले सुमारे ३०० कृष्णवर्णीय सॉलोमन नदीच्या खोऱ्यात आले आणि हे गाव वसलं. मुक्त झालेल्या माणसांचं पुढे काय झालं, ते ज्याला बघायचंय त्याने या माळावर यावं. १८७८च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी ‘गाव कुठंय?’ म्हणून विचारलं, तेव्हा लोकांनी जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. माणसं जमीन खोदून बिळांसारख्या घरांत राहत होती. बाईंना रडू कोसळलं. पहिल्या हिवाळ्यात तर ओसेज शिकाऱ्यांनी मांस वाटून दिलं, त्यावर माणसं तगली. ती घरं आज दिसत नाहीत, म्हणून ती कहाणी सांगायला तिथे माणूस लागतो. नुसत्या पाटीने ते काम होत नाही.

तरी दहा वर्षांत गाव उभं राहिलं. हॉटेल, दुकानं, वर्तमानपत्रं आली. इथल्या एडवर्ड मॅकेब यांना १८८२ साली कॅन्ससने राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून दिलं. रेल्वे यावी म्हणून गावाने १६,००० डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. रेल्वे आली, पण १८८८ साली नदीच्या पलीकडून. दुकानदार रुळांच्या मागे गेले. आमच्याकडे एसटी बंद झाली की बाजार उठतो, हे त्याच जातीचं.

उरल्या पाच वास्तू: १८८१चं सेंट फ्रान्सिस हॉटेल, एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) पंथाचं चर्च, बॅप्टिस्ट चर्च, शाळा आणि १९३९चा टाऊनशिप हॉल. संसदेने १९९६ साली त्यांना राष्ट्रीय स्थळाचा दर्जा दिला. पण दरवर्षी जुलैअखेर देशभरातून वंशज घरी परततात, तेव्हा गाव खरं दिसतं. आमच्याकडे जत्रेला चाकरमानी गावी येतात ना, तसंच. तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून जे ऐकायला मिळतं, ते एकाही वास्तूच्या भिंतीवर मावणार नाही.

मागणी एवढीच: टाऊनशिप हॉलमधलं माहिती केंद्र वर्षभर चालेल एवढे रेंजर (राष्ट्रीय उद्यान सेवेचे कर्मचारी) तिथे राहू द्या. आणि जुलैच्या त्या चार दिवसांत म्हाताऱ्यांच्या आठवणी नोंदवायला दरवर्षी माणूस पाठवा. हे काम पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत लांबवू नका. त्या १४ जणांत तरुण किती असतील, याचा अंदाज आपल्यालाही असेल.

आपला,
कॅन्ससमधला एक मराठी करदाता