पुंगोटीग खाडीकाठचा अँथनी जॉन्सन

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतले अगदी सुरुवातीचे तंबाखूवाले कसे होते, असं तू विचारलं होतंस. वॉशिंग्टन आणि जेफरसन या बड्या मळेवाल्यांबद्दल तू वाचलेलं आहेच. मी तुला त्यांच्या शंभरेक वर्षं आधीच्या माणसाबद्दल सांगतो. कारण निपाणीच्या तंबाखूत वाढलेल्या तुला तो लगेच कळेल.

त्याचं नाव अँथनी जॉन्सन. बहुधा अंगोलातला. 1621 मध्ये ‘जेम्स’ जहाजातून त्याला व्हर्जिनियात आणलं आणि जेम्स नदीकाठच्या बेनेटच्या मळ्यावर कामाला जुंपलं. तेव्हाच्या नोंदीत त्याचं नाव नुसतं ‘अँटोनियो, निग्रो’ असं आहे. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या मूळ रहिवाशांनी वसाहतीवर हल्ला केला. साडेतीनशेच्या आसपास माणसं मारली गेली, बेनेटच्या मळ्यावरची तर पन्नासहून जास्त. जे थोडे वाचले त्यांत हा होता. त्याच वर्षी दुसऱ्या जहाजातून मेरी नावाची बाई त्या मळ्यावर आली. दोघांनी लग्न केलं आणि संसार चाळीसहून अधिक वर्षं टिकला. मृत्यू इतका स्वस्त असलेल्या त्या वसाहतीत ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तंबाखूचं काम तुला काय सांगायचं! वाफ्यात रोपं तयार करायची, मातीच्या उंचवट्यांवर लावायची, शेंडे खुडायचे, बगलफुटी काढायच्या, पानापानावरून अळ्या वेचायच्या. मग कापून कोठारात वाळत टांगायचा आणि लाकडी पिंपांत दाबून इंग्लंडला पाठवायचा. तीन-चार पिकांत जमीन थकायची, की पुढचं जंगल तोडायचं. म्हणून ज्याच्याकडे जमीन आणि राबणारे हात जास्त, तोच टिकायचा.

दोघं गुलामीतून नेमके कसे सुटले त्याचा कागद नाही, पण 1640 च्या दशकात ते चेसापीक उपसागराच्या पूर्वेला, पुंगोटीग खाडीकाठी स्वतःची गुरं पाळत होते. 1651 मध्ये अँथनीला 250 एकर मिळाले. कामाला माणूस आणणाऱ्याला डोईमागे 50 एकर, असा तेव्हाचा नियम होता, आणि त्यानं पाच डोकी दाखवली होती. जॉन आणि रिचर्ड या मुलांनीही शेजारी जमिनी घेतल्या. मग 1653 मध्ये आग लागून घरादाराचं मोठं नुकसान झालं. त्या वसाहतीत इंग्रज बायकांवर डोईपट्टी नव्हती, आफ्रिकी बायकांवर मात्र 1643 पासून होती. अँथनीनं कोर्टात अर्ज केला आणि कोर्टानं मेरी व दोन मुलींची पट्टी जन्मभरासाठी माफ केली. ही माणसं तीस वर्षं इथे कष्ट करत आली आहेत, असं त्या आदेशात म्हटलंय. तेव्हा एका काळ्या शेतकऱ्याचं कोर्टात ऐकलं जात होतं.

पण दत्ता, पुढचं वाचताना मला त्याचा राग येतो. जॉन केसर नावाचा आफ्रिकी माणूस त्याच्याकडे राबत होता. आपली सात-आठ वर्षांची मुदत कधीच संपली, तरी धरून ठेवलंय, असं त्याचं म्हणणं. रॉबर्ट पार्कर या शेजाऱ्यानं त्याला आपल्याकडे नेलं. बायकामुलांनी समजावल्यावर अँथनीनं आधी त्याला सोडलं, पण मग विचार बदलून तो कोर्टात गेला. 1655 मध्ये निकाल अँथनीच्या बाजूनं लागला आणि केसर जन्माचा गुलाम ठरला. स्वतः विकला गेलेला माणूस असं कसं करू शकला, याचं उत्तर मला सापडत नाही. तंबाखूला हात लागतात हे उत्तर पुरत नाही.

हळूहळू कायदेही आवळत गेले. आई गुलाम तर मूल गुलाम, हे 1662 मध्ये ठरलं. 1665 च्या सुमारास हे कुटुंब उत्तरेला मेरीलँडमध्ये गेलं आणि तिथे 300 एकर खंडानं घेतले. तिथेच 1670 मध्ये अँथनी वारला. त्याच वर्षी व्हर्जिनियात मागे राहिलेल्या जमिनीबद्दल ज्युरीनं निर्णय दिला, की तो निग्रो होता, म्हणजे परका होता, सबब जमीन सरकारजमा. चाळीसहून अधिक वर्षं ज्या मातीत राबला तिथे परका! सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी तुझ्या आबांनी किती हेलपाटे घातले ते मी पाहिलंय, म्हणून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मेरी मात्र खचली नाही. खंडाची जमीन तिनं मुलांसाठी राखली, मृत्युपत्रात नातवंडांना गायी लिहून दिल्या. 1677 मध्ये जॉन नावाच्या नातवानं मेरीलँडमध्ये 44 एकर विकत घेतले आणि त्या शेताचं नाव ठेवलं ‘अंगोला’. ज्यानं तो देश कधी पाहिला नव्हता त्यानं!

आबांना माझ्यासाठी एक विचार. बैल-नांगर नसताना, नुसत्या कुदळीवर, दोन माणसांना तंबाखू किती एकर झेपेल? जॉन्सन नवराबायकोनं सुरुवात कशी केली असेल ते मला त्यावरून समजून घ्यायचंय. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुधीर