चाचा, आमच्या माडीच्या सागाला आपण गडद रंग लावू दिला नाही

आदरणीय चाचा यांस,
सादर नमस्कार.

गेल्या मार्गशीर्षात कंधारच्या आमच्या वाड्यातील माडीच्या लाकडी जमिनीचे पॉलिशचे काम पूर्ण करून आपण निघालात, तेव्हा दारातच मी आपले आभार मानले होते. मात्र त्या वेळी मी केवळ एका देखण्या कामाबद्दल बोलत होते. त्यानंतर त्या फळ्यांवरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला असून आपण काय केले, आणि त्याहूनही अधिक म्हणजे काय करू दिले नाही, हे मला आता नीट कळते. जुन्या वाड्यांची लाकडी जमीन उकरून फरशी बसवण्याचा विचार आपल्याकडे अनेक घरांत चालू असतो. त्यांच्याही वाचनात हे यावे म्हणून पत्र उघडे लिहीत आहे.

माडीची तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, निजामी राजवटीतली, किनवटच्या जंगलातून बैलगाडीने आणलेल्या सागवानाची, असे आमचे दादा सांगतात. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्हीच तिच्यावर चॉकलेटी ऑइलपेंट दिला होता आणि तो जागोजागी पोपडे धरून सुटत होता. आपल्याआधी ज्यांना काम दाखवले, त्यांनी वरवर घासून गडद अक्रोडी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) आणि त्यावर चकचकीत मेलामाइन पॉलिश मारण्याचे सुचवले होते. जुने डाग झाकले जातील आणि जमीन नव्यासारखी दिसेल, हे त्यांचे म्हणणे मला पटलेही होते. आपण वैशाखात येऊन फळ्यांवर हात फिरवलात, दोन फळ्यांमधील फटीत एक रुपयाचे नाणे उभे घालून दाखवलेत आणि म्हणालात, “बाई, आता नको. दिवाळीनंतर बघू.” मला तेव्हा ती टाळाटाळ वाटली, याची आज मनापासून क्षमा मागते. वैशाखाच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलेले असते, त्या वेळी फटींत लांबी (पुट्टी) भरली तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या ती चिरडून बाहेर काढतात. शिवाय बेचाळीस अंशांच्या उन्हात पॉलिशचा वरचा हात, म्हणजे थर, ब्रश फिरण्याआधीच सुकू लागतो, आणि पावसाळी दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी साय धरते, हे आपण सविस्तर समजावून सांगितलेत. त्याच फटी श्रावणात मिटलेल्या मी स्वतः पाहिल्या.

जुना रंग काढताना आपण जी काळजी घेतलीत, तिची आठवण मला वेगळी नोंदवावीशी वाटते. घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावे, हा नियम आपल्या देशात 2016 साली झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आमचा रंग त्याच्या पुष्कळ आधीचा होता. आपण कोरडे घासकाम न करता रंग आधी ओला करून पत्र्याने खरवडून काढलात, तोंडाला मास्क बांधलात, पोपडे पिशवीत भरलेत आणि ते आठ दिवस माझ्या नातवंडांना जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढू दिली नाही.

खिळ्यांची डोकी आत ठोकून झाल्यावर आपण चाळीस नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात केलीत, मग साठ, मग ऐंशी, आणि शेवटी शंभरवर थांबलात. आणखी गुळगुळीत करा, असा आग्रह मी धरला होता. जमीन आरशासारखी घासली तर लाकडाची छिद्रे मिटतात, मग त्यात ना रंग मुरतो ना पॉलिश पकड घेते, हे आपले उत्तर मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. खिडकीखाली पावसाचे पाणी येऊन खिळ्यांभोवती जी काळी वर्तुळे पडली होती, ती लोखंड, पाणी आणि लाकडातील टॅनिन हा तुरट अंश यांच्या संयोगाची आहेत, कुजण्याची नाहीत, हे ओळखून आपण ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने ती उतरवलीत आणि नंतर ती जागा दोनदा स्वच्छ पाण्याने पुसून चार दिवस वाळू दिलीत. एक वर्तुळ पुरते गेले नाही. ते तसेच राहिले आहे आणि आम्हाला ते आवडते.

एवढे झाल्यावर समोर आलेल्या लाकडाने माझी निराशा केली, हे मान्य करते. कुठे हिरवट, कुठे काळपट, कुठे पिवळसर अशा पट्ट्या पाहून मी पुन्हा स्टेनचा विषय काढला. त्यावर आपण वाद न घालता दोन गोष्टी केल्यात. पहिली म्हणजे, उन्हाच्या पट्ट्यात एक पाट पालथा ठेवलात आणि त्याला आठवडाभर हात लावू नका असे सांगितलेत. आठवड्याने पाट उचलला, तेव्हा त्याखालील चौकोन तसाच मळकट होता आणि भोवतीचा साग मधासारखा होऊ लागला होता. ताजा घासलेला साग प्रकाशाने आपोआप एकसारखा होत जातो. मी ज्याला दोष समजून झाकायला निघाले होते, तो दोन महिन्यांत स्वतःहून निघून जाणार होता.

दुसरी गोष्ट नमुन्यांची. प्लायवुडच्या तुकड्यावर किंवा दुकानातल्या पुठ्ठ्यावर रंग बघून काही ठरवायचे नाही, ज्या जमिनीवर लावायचा तिच्यावरच बघायचा, असे म्हणून आपण खिडकीजवळ चार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात चार चौकोन आखलेत: अक्रोडी स्टेन, सागवानी स्टेन, जवसाचे तेल, आणि लाखेच्या हातावर मॅट, म्हणजे बिनचमकीचा, पीयू (पॉलियुरेथेनचे पारदर्शक पॉलिश). स्टेनच्या चौकोनांवरही वरचा पारदर्शक हात दिल्याखेरीज आपण मला त्यांच्याकडे पाहू दिले नाही, कारण त्या हाताने रंग बदलतो. ते चौकोन मी सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहिले. अक्रोडी स्टेन खिडकीजवळ भारदस्त दिसत होता; कोपऱ्यात मात्र तो जवळजवळ काळा झाला होता, शिवाय जिथे जुन्या ऑइलपेंटचा अंश खोल मुरलेला होता तिथे तो बसलाच नव्हता. मग आपण त्यावर खुर्चीचा पाय ओढून दाखवलात: गडद रंगातून खालचे फिके लाकूड पांढऱ्या रेघेसारखे उघडे पडले. पीयूच्या चौकोनावरही ओरखडा उठला, पण खाली-वर एकच रंग असल्याने तो शोधावा लागला. माझा निर्णय त्या रेघेपाशी झाला.

जवसाचे तेल मला सर्वांत प्रिय होते, कारण आमच्या शेतात जवस असायचा आणि तो वास बालपणीचा आहे. ते कच्चे लावले तर वाळायला कित्येक दिवस घेते, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावे लागते आणि अंधाऱ्या जागी पिवळट पडत जाते, हे ऐकून मी तो मोह सोडला. त्या नमुन्याची चिंधी आपण पाण्यात भिजवून अंगणात पसरून ठेवलीत, तेव्हा मला नवल वाटले होते. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेऊन तापते आणि चुरगाळून टाकलेली चिंधी आपसूक पेट घेऊ शकते, ही गोष्ट जवस पिकवणाऱ्या घरात जन्मूनही मला माहीत नव्हती.

शेवटी जे लावले, त्यामागचा आपला विचार मला सर्वाधिक मोलाचा वाटतो. सागाच्या अंगात स्वतःचे तेल असते आणि त्यामुळे वरचा हात नीट चिकटत नाही, म्हणून आपण प्रत्येक भाग थिनरने पुसून लगेच मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात दिलात. साध्या चपड्यात (पॉलिशच्या लाखेत) मेण असते आणि त्यावर पीयू टिकत नाही, यासाठी ती वेगळी लाख आपण बाहेरून मागवलीत. दादांना दम्याचा त्रास असल्याने उग्र वासाचे मेलामाइन किंवा थिनरचा पीयू नको, पाण्याचाच पीयू घ्यायचा, हेही आपणच ठरवलेत. त्याने लाकूड थोडे थंड दिसते, ती ऊब खालच्या लाखेने भरून काढली. दोन हात चकचकीत आणि फक्त शेवटचा मॅट, कारण मॅट करणारी पूड प्रत्येक थरात घातली तर लाकूड धुरकट दिसते. त्या शेवटच्या डब्याचा तळ आपण किती वेळ ढवळत होता!

रंग आपण वापरलात तो फक्त बदललेल्या तीन नव्या फळ्यांसाठी. त्यांच्या कडेला जी पांढरी कच (खोडाच्या बाहेरच्या भागाचे फिके लाकूड) होती, तेवढ्याच पट्टीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेला रंग बारीक ब्रशने दिलात, तोही जुन्या फळ्यांपेक्षा किंचित फिकाच. आज त्या तीन फळ्या कोणत्या, हे पाहुण्यांना सांगावे लागते.

मेलामाइनचे काम आपल्याला झटपट उरकता आले असते आणि पैसेही लवकर हाती पडले असते. त्याऐवजी आपण नमुने, पाटाचा आठवडा आणि वाळण्याचे दिवस यांत जवळजवळ महिना घातलात, आणि मजुरी मात्र प्रत्यक्ष कामाच्या दिवसांचीच घेतलीत. हे ऋण मी विसरलेले नाही.

आपण सांगितल्याप्रमाणे पंधरा दिवस सतरंजी अंथरली नाही. फिनाइल आणि सोडा माडीवर चढत नाही. घट्ट पिळलेले फडके तेवढे फिरते. भाद्रपदातील जोरदार पावसात खिडकी उघडी राहून पाणी आले होते. ते दुपारपर्यंत थेंब-थेंब वर तसेच उभे होते आणि पुसल्यावर खाली काही नव्हते. दादा आता दुपारी माडीवरच बसतात. जिन्याच्या पायऱ्या आणि माडीचा उंबरा अजून चॉकलेटीच आहेत, आणि “चाचांना दिवाळीनंतर बोलवा, उंबऱ्याला दुसऱ्या कोणाचा हात लावू नका” असा त्यांचा निरोप आहे. मेण काढलेली लाख थोडी उरली होती, पण विरघळवलेली लाख वर्षभराने नीट वाळत नाही असे आपणच म्हणाला होता, म्हणून येताना ताजी घेऊन यावी. पैसे येथे तयार आहेत.

आपली कृतज्ञ,
वाड्यातील बाई
कंधार, जिल्हा नांदेड