निधनवार्तेत माहेरचं नावही छापा

मा. संपादक,
नमस्कार. पत्र जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

गेलं वर्षभर मी आजीच्या, म्हणजे वडिलांच्या आईच्या बाजूची वंशावळ शोधतोय. आजोबांच्या बाजूची घरात आधीपासून तयार होती, सात पिढ्या, एकाखाली एक सगळे पुरुष, आणि सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक. मी सहज हिशोब केला तर सातव्या पिढीत आपले 128 पूर्वज निघतात (नात्यात लग्नं झाली असतील तर थोडे कमी) आणि त्यातला फक्त एक आमच्या कागदावर. बाकीचे 127 कुठे गेले?

आजीच्या बाजूला मी पहिल्याच पायरीवर अडलो. तिच्या वडिलांचं नाव मिळालं, आईचं नाही. बघावं तिथे अमक्याची पत्नी, तमक्याची आई. लग्न झालं, आडनाव बदललं की कागदावर जणू नवीनच बाई सुरू होते, आधीच्या मुलीशी तिला जोडणारी एक लग्नाची नोंद, ती गहाळ झाली की संपलं. जुन्या पत्रांत तर नुसतं 'ताई', आता कोणाची ताई ते कसं कळणार? शेवटी वाट सापडली ती आजीच्या भावामुळे, कारण त्याचं आडनाव बदललेलंच नव्हतं! त्याच्या एका जुन्या नोंदीत आईचं पूर्ण नाव होतं. पणजीचं नाव कळायला तिच्या मुलाचे कागद धुंडाळावे लागले, मुलीचे असून उपयोग नाही, गंमतच आहे.

मध्ये एकाने सुचवलं की डीएनए टेस्ट कर, मायटोकाँड्रियल डीएनए आईकडूनच येतो. बरोबर आहे, पण माझ्यात आलाय तो आईच्या आईचा. वडिलांच्या आईचा वडिलांपर्यंत आला आणि तिथेच थांबला, बाप तो पुढे देत नाही. म्हणजे टेस्ट वडिलांची, आत्याची नाहीतर आत्याच्या मुलांची करायची. शिवाय तो इतका हळू बदलतो की दोघांचा तंतोतंत जुळला तरी दोघांची सामाईक पूर्वज बाई शेकडो, कधी हजारो वर्षांपूर्वीची असू शकते. तिचं नाव काय, ती कुठली, हे त्यातून कळत नाही, त्याला कागदच लागतो.

आणि कागदावर एक रकाना वाढला तरी किती फरक पडतो बघा. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी 1837 पासून आहे, दाखल्यावर आईचं माहेरचं आडनावही असायचं, पण छापील सूचीत ते 1911 पासून यायला लागलं. त्यानंतरच्या नोंदींत एकाच आईची मुलं नुसती सूची चाळूनही बरीचशी ओळखता येतात, आधीच्यांसाठी 2016 पर्यंत एकेक दाखला मागवत बसावं लागायचं. कॅनडाच्या क्युबेकमध्ये तर 1981 पासून लग्नानंतरही बाईचं कायदेशीर नाव जन्माचंच राहतं, तिथल्या पणतवंडांचं काम किती सोपं!

आता मागणी. तुमच्या पेपरात निधनवार्ता येतात, वंशावळ शोधणारे त्या कात्रणांवरच जगतात. बाईची निधनवार्ता घेताना फॉर्ममध्ये माहेरचं आडनाव आणि आईवडिलांची नावं एवढा एक रकाना ठेवा, जास्तीच्या शब्दांचे पैसे लागत असतील तर तेवढे शब्द फुकट छापा. आजी गेली तेव्हा तिची निधनवार्ता मीच लिहून दिली होती. मुलं, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं सगळ्यांचा उल्लेख होता. तिचं माहेरचं नाव लिहायचं मलाच सुचलं नव्हतं, आणि फॉर्ममध्येही ते कोणी विचारलं नव्हतं.

आपला,
एक नियमित वाचक