खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

परवा मालवा एक्सप्रेसने बद्दीच्या कामावरून इंदूरला परतलो आणि आज सकाळी सर्वांत आधी हे पत्र लिहायला बसलो आहे. आपले नाव कोठेही घेऊ नये, असे आपण निघताना बजावले होते, म्हणून ते घेत नाही. परंतु जो संशय माझ्यावर आला तो चारचौघांत आला होता, आणि म्हणून तो ज्यांच्यामुळे दूर झाला त्यांचे आभारही चारचौघांतच मानले पाहिजेत, असे मला वाटते.

हे पत्र वाचणाऱ्यांना आमचे काम ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात औषधी गोळ्यांच्या पट्ट्या बांधणारी यंत्रे तयार होतात, आणि ती बद्दी, अंकलेश्वर, सिक्कीम अशा ठिकाणच्या औषध कारखान्यांत जाऊन बसवणे, बिघडली तर दुरुस्त करणे, हे आम्हा नऊ जणांचे काम आहे. महिन्यातले अठरा-वीस दिवस आम्ही बाहेरच असतो. औषधांच्या कारखान्यात शिरताना फोन बहुधा फाटकावरच जमा करावा लागतो, त्यामुळे कंपनीचा मेल पाहायला मिळतो तो जेवणाच्या सुट्टीत फाटकावरच्या खोलीत, बसची वाट पाहताना, नाहीतर रात्री लॉजच्या वायफायवर. बदललेले ड्रॉइंग, सुट्या भागांचे दर, ग्राहकाची लेखी संमती, सगळे त्या मेलमध्येच असते. तो उघडला नाही की यंत्र बंद राहते, आणि यंत्र बंद राहिले की समोरचा माणूस दर तासाला येऊन उभा राहतो.

आपल्या आधी कंपनीच्या मेलची आणि संगणकांची व्यवस्था ज्या कंत्राटदाराकडे सोपवली होती, त्यांनी आम्हा नऊ जणांना मिळून एकच मेलबॉक्स आणि एकच पासवर्ड दिला होता. तो दर महिन्याला बदलला जाई, बदलला की व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला जाई, आणि कार्यालयातील एका रजिस्टरमध्ये सर्वांना दिसेल असा लिहून ठेवला जाई. मेल जुन्या पॉप पद्धतीने उतरत असे आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सोय कोणी केलीच नव्हती. त्यामुळे ज्याने आधी उघडला त्याच्या लॅपटॉपवर तो गेला की मागे काही उरत नसे, आणि अंकलेश्वरच्या सहकाऱ्याने वाचलेला मेल मला बद्दीत कधी दिसलाच नाही. बाहेरून काम करता यावे म्हणून कार्यालयातला एक संगणक ३३८९ या सर्वांना ठाऊक असलेल्या पोर्टवर, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या दारावर, थेट इंटरनेटला उघडा ठेवला होता, आणि त्या संगणकावर होते विंडोज ७, ज्याची नियमित निगा मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवली होती. ओटीपी येई तो हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांच्या फोनवर, म्हणजे रात्री साडेदहाला मेल पाहायचा असेल तर त्या बिचाऱ्यांना झोपेतून उठवायचे. या सगळ्याबद्दल आम्ही तक्रार केली, तेव्हा “बाहेर फिरणाऱ्यांना सोयही हवी आणि सुरक्षितताही हवी, असे चालत नाही,” असे उत्तर मिळाले. आमच्यातला एक जण वैतागून सगळे मेल स्वतःच्या खाजगी पत्त्यावर पाठवून घेऊ लागला. त्याला मी दोष देत नाही.

आणि मग ती घटना घडली. आमच्या एका जुन्या ग्राहकाला आमच्याच पत्त्यावरून, आमच्याच भाषेत आणि आमच्याच बिलाचा क्रमांक घालून मेल गेला की बँकेचे खाते बदलले आहे, यापुढे पैसे नव्या खात्यात भरावेत. त्यांच्या लेखापालाने फोन करून खात्री करून घेतली म्हणून पैसे वाचले. मात्र त्या आठवड्यात मी अंकलेश्वरला एका सायबर कॅफेतून मेल पाहिला होता आणि ते मी स्वतःच सांगितले होते, एवढ्यावरून कंत्राटदाराने बैठकीत माझ्याकडे बोट दाखवले. पासवर्ड एकच असल्यामुळे मी नव्हतो हे सिद्ध करण्याचा मार्ग माझ्याकडे नव्हता, आणि मीच होतो हे सिद्ध करण्याची गरज त्यांना वाटली नाही. “पासवर्ड बदलला आहे, विषय संपवा,” असे ते म्हणाले. माझ्यासाठी तो चार महिने संपला नाही. सव्वीस वर्षे ज्या कारखान्यात काढली तिथे मी खोलीत शिरलो की दराचे बोलणे थांबत असे. कोणी काही बोलत नव्हते, पण ते थांबणे मला ऐकू येत होते.

आपण आलात त्या दिवशी मला वाटले की पुन्हा तीच चौकशी होणार. आपण मात्र पहिलाच प्रश्न विचारलात, “काका, तुम्ही मेल बसून पाहता की उभ्याने?” असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. फाटकावरची खोली, लॉजचे वायफाय, सिमकार्डाला रेंज नसणे, हे सगळे आपण वहीत उतरवून घेतलेत आणि मगच संगणकाकडे वळलात. दुपारी आपण मालकांना बोलावून मेलबॉक्समध्ये कोणी गुपचूप बसवलेला एक नियम दाखवलात: ज्या मेलमध्ये बिल किंवा बँक हे शब्द येतील त्याची प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर जावी, असा. तो ज्या रात्री बसवला गेला त्या रात्री मी गाडीत होतो, आणि माझे तिकीट कंपनीनेच काढलेले होते. आपण मालकांना हेही सांगितलेत की अशा घटनेची खबर सर्ट-इन या सरकारी संस्थेला ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत द्यायची, असा निर्देश २८ एप्रिल २०२२ रोजीच निघालेला आहे, आणि उशीर झालेला असला तरी ती त्याच दिवशी द्यायला लावलीत. मालक माझ्यापाशी आले आणि माझा हात हातात घेऊन उभे राहिले. एवढे झाले तरी माझे आभार मानून संपले असते.

परंतु मला जे विसरता येत नाही ते त्यानंतरचे आहे. आपण प्रत्येकाचे वेगळे खाते उघडत होता आणि माझी पाळी आली. “आता तुमचा पासवर्ड ठरवा, चार-पाच साधे शब्द घ्या, लांब असू द्या,” असे म्हणून आपण खुर्चीवरून उठलात, खिडकीपाशी गेलात आणि बाहेर पाहत उभ्या राहिलात. मी सवयीने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टंकू लागलो, तेव्हा मागे न वळता आपण म्हणालात, “मोठ्याने नको, काका.” मी म्हणालो, “सगळे तुम्हीच बसवले आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचे?” त्यावर आपण म्हणालात, “माझ्यापासूनच आधी. उद्या काही झाले तर संशय तुमच्यावरही येऊ नये आणि माझ्यावरही.”

माझी बोटे सावकाश चालतात. तीनदा चुकले. त्या सात-आठ मिनिटांत खिडकीबाहेर शेजारच्या गोदामाच्या पत्र्यांखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते, तरी “झाले” असे मी म्हणेपर्यंत आपण एकदाही मान वळवली नाही. ताई, रजिस्टरमध्ये लिहिलेल्या त्या पासवर्डाची किती वर्षे सवय होती आम्हाला! माझे असे काही माझ्यापुरतेच ठेवण्याचा मला हक्क आहे, हे त्या दिवशी मला कोणी तोंडाने सांगितले नाही, ते करून दाखवले.

माझ्या आजीला वाचता येत नसे. रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात येणारा पोस्टमन ओटीवर बसून तिला माहेरची पत्रे वाचून दाखवी, कधी सुखाची, कधी फार दुःखाची, आणि त्यातला एक शब्दही त्याच्या तोंडून दुसऱ्या बिऱ्हाडात कधी गेला नाही, असे ती शेवटपर्यंत सांगत असे. पत्र ज्याच्या हातून जाते त्याने कसे असावे, हे ती त्याच्यावरून ठरवत असे. आपण खिडकीपाशी उभ्या होता तेव्हा मला तिची आठवण झाली.

पुढे आपण काय काय बसवलेत ते सारे मला सांगता येणार नाही. दोन गोष्टी मात्र मी आता नव्या मुलांना समजावतो. एक म्हणजे तो सहा आकडी कोड, जो आता हिशेब पाहणाऱ्यांच्या फोनवर येत नाही, तर माझ्याच फोनमध्ये दर ३० सेकंदांनी नवा तयार होतो. रेंज नसताना हा कोठून येतो, असे मी विचारले तेव्हा आपण म्हणालात की एकच गुपित आणि एकच वेळ फोन आणि सर्व्हर अशी दोन्हीकडे असली की दोन्हीकडे तोच आकडा निघतो, एकमेकांना विचारावे लागत नाही; फक्त फोनचे घड्याळ बरोबर ठेवा. आणि लगेच हेही सांगितलेत की हा आकडाही गोड बोलून काढून घेता येतो, म्हणून फोनवर कोणी मागितला तर देऊ नका, मी मागितला तरी देऊ नका. दुसरी गोष्ट म्हणजे फोनमधला कंपनीचा वेगळा कप्पा. आधीच्या लोकांना माझा सबंध फोन दुरून पुसण्याचा अधिकार हवा होता आणि त्यात नातीचे फोटो आहेत म्हणून मी सही करायला कचरत होतो. आपण असे केलेत की फोन हरवला तर कंपनीचा मेल तेवढा पुसला जाईल, आणि माझ्या बाजूचे फोटो कार्यालयात कोणाला दिसणारही नाहीत.

गेल्या गुरुवारी बद्दीत रात्री पावणेअकराला यंत्राचा साचा बसेना. लॉजमध्ये सिमकार्डाला रेंज नव्हती, फक्त वायफाय होते. फोनने आकडा दिला, मेल उघडला, सुधारलेले ड्रॉइंग हाती आले, आणि त्याच मेलवर अंकलेश्वरच्या सहकाऱ्याने माझ्या आधीच लिहून ठेवले होते की कोणता स्क्रू किती सैल करायचा. कोणाला झोपेतून उठवावे लागले नाही. सकाळी साडेनऊला यंत्र सुरू झाले. मी परतीच्या गाडीत बसलो तेव्हा सव्वीस वर्षांत प्रथमच कार्यालयातून मला कोणीही “मेल कुठून पाहिलात?” असे विचारले नव्हते.

फोन मोडला तर वापरायचे म्हणून जे दहा आकडे आपण मला हाताने कागदावर उतरवून घ्यायला लावलेत, तो कागद पाकिटात बंद करून पत्नीने देवघराच्या खणात ठेवला आहे. तिने तो उघडून पाहिलेला नाही, हे तिने मुद्दाम कळवायला सांगितले आहे. पुढच्या महिन्यात मी सिक्कीमला निघेन, त्याआधी एका रविवारी आपण घरी जेवायला यावे, अशी आम्हा दोघांची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
सांवेर रोडवरचा एक फिरता अभियंता, इंदूर