‘व्लादिमिरोव्हना’ हे आडनाव नव्हे

संपादक महोदय,

अवकाशात गेलेल्या पहिल्या महिला, व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा यांच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. पण त्यात जागोजागी ‘श्रीमती व्लादिमिरोव्हना’ असं छापलंय, ते वाचवेना. ते त्यांचं आडनाव नाही. व्लादिमिरोव्हना म्हणजे व्लादिमिरची लेक. व्लादिमिर तेरेश्कोव्ह हे यारोस्लाव्हलकडच्या खेड्यातले ट्रॅक्टरचालक. फिनलंडशी झालेल्या युद्धात ते मारले गेले, तेव्हा ही पोर जेमतेम दोन वर्षांची होती. १९६३ साली ती अवकाशात गेली, तीसुद्धा बापाचं नाव घेऊनच.

रशियात आधी स्वतःचं नाव, मग ‘ओत्चेस्त्वो’ म्हणजे पितृनाम, शेवटी आडनाव. पितृनामात मुलाला बहुधा ‘ओविच’ किंवा ‘येविच’ लागतं, मुलीला ‘ओव्हना’ किंवा ‘येव्हना’. अलेक्सेयचे चिरंजीव म्हणून युरी अलेक्सेयेविच गागारिन. त्यांची कन्या येलेना युरियेव्हना गागारिना. मुलीच्या आडनावालाही ‘आ’ लागला, हे ध्यानात घ्यावं. म्हणून वडील तेरेश्कोव्ह, लेक तेरेश्कोव्हा. (शेवचेन्कोसारखी आडनावं मात्र बाईची असोत की पुरुषाची, बदलत नाहीत.) इल्याचा मुलगा इल्यिच होतो, मुलगी इल्यिनिच्ना, असे अपवाद पाठच करावे लागतात.

मी मॉस्कोत शिकायला गेले तेव्हा वसतिगृहाच्या दाराशी किल्ल्या सांभाळणाऱ्या एक आजी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “काक वास पा ओत्चेस्त्वू?” म्हणजे पितृनाम काय? मी म्हटलं, आमच्याकडे तसं नसतं, पण वडिलांचं नाव वसंत. त्यांनी चष्मा सारखा केला आणि किल्ल्यांच्या वहीत माझ्या नावापुढे सावकाश लिहिलं: वसंतोव्हना. पाच वर्षं त्या मला या दोन नावांनीच हाक मारत होत्या. आडनाव कधी विचारलंही नाही. पुढे दुभाषी म्हणून काम करताना पाहुण्यांची पितृनामं मी आदल्या रात्री घोकत असे. वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं तिथे उद्धटपणाचं.

तेव्हा विनंती अशी, की बातमीत ‘तेरेश्कोव्हा’ लिहावं. आदरानं संबोधायचं असेल तर ‘व्हॅलेंटिना व्लादिमिरोव्हना’ ही दोन्ही नावं जोडीनं लिहावीत, आणि त्यामागे ‘श्रीमती’ लावू नये.

– एक निवृत्त दुभाषी