रोबो सोफ्याखाली, माणूस गटारात

संपादक साहेब, स. न.

मी हिंजवडीत कोडिंग करतो, म्हणजे आता अर्धा कोड एआय लिहितं आणि मी तपासत बसतो. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हा आम्ही त्याच्याकडून जोक लिहून घ्यायचो, आता फ्रेशर पोरं इंटरव्ह्यूला आली की त्यांना कागदावर लिंक्ड लिस्ट (एकाला एक जोडलेली डेटाची साखळी) उलटी करायचा कोड लिहायला लावतात नि जॉइन झाल्यावर लगेच एआयचं लायसन्स हातात देतात, मग परीक्षा घेतली कशाची? एआयच्या कोडमधली चूक शोधायला द्या की, खरं काम तेच आहे.

दुसरं म्हणजे रोबो. मित्राकडे झाडू मारणारा आलाय, चार्जरच्या वायरीत अडकून बसतो बिचारा. तिकडे केरळात इंजिनिअर पोरांनी मॅनहोल साफ करणारा बँडिकूट नावाचा रोबो बनवला, तोही २०१८ मध्येच. सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं गुदमरून मरतातच, आणि आमच्यातली हुशार पोरं ॲपचं बटण हिरवं ठेवायचं की निळं यावर मीटिंगा घेतात. महापालिकांनी अशी मशिन नुसती उद्घाटनापुरती घेऊ नयेत, सफाई कामगारांनाच ट्रेनिंग देऊन ती चालवायला द्यावीत, पगारही ऑपरेटरचा द्यावा.

— एक आयटीवाला, वाकड