गाडी उभी ठेवण्याआधी बॅटरीकडे बघा

सर्व सभासदांना नमस्कार.

नवतपा आला की आपल्यातल्या बऱ्याच कॅम्पर व्हॅन कव्हरखाली जातात, त्या थेट ऑक्टोबरात ताडोबा-पेंचचे कोअरचे गेट उघडेपर्यंत. तोवर मागची बॅटरी (राहण्याच्या भागातले दिवे-पंखे चालवणारी) मरून पडू नये, म्हणून ही आठवण.

सगळे स्विच बंद केले तरी गॅस अलार्म, जीपीएस, स्टिरिओ थोडा थोडा करंट ओढतच राहतात. म्हणून वायर काढूनच ठेवा: सोलर असेल तर आधी पॅनल कंट्रोलरपासून (पॅनल आणि बॅटरीमधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) तोडा, मग बॅटरीची निगेटिव्ह, शेवटी पॉझिटिव्ह. कव्हरखालच्या पॅनलच्या भरवशावर कृपया राहू नका.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून, म्हणजे साधारण 12.7 व्होल्टवर ठेवा. महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा, 12.4 च्या खाली गेली की चार्जिंग करा. तापमान 10 अंशांनी वाढलं की तिचं आपोआप उतरणं जवळजवळ दुप्पट होतं, आणि आपल्याकडचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी सावलीतच हवी. लिथियम मात्र निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवावी.

या दिवसांत फिरणाऱ्यांनी एसी बॅटरीवर चालवू नये. 100 अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिडमधून निम्मीच वीज वापरायची असते. 1000 वॉटचा एसी ती अर्ध्या तासात संपवतो. मुक्कामी अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा सॉकेट मागा आणि एक्स्टेन्शनचं भेंडोळं पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापून वितळते.